दोन बोटे माया

डॉक्टरांनी माझ्या मॅमोग्राफीचे पाकीट उलटे केले आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर तीन चौकोन काढले. पहिल्यात ‘ऑपरेशन’, दुसऱ्यात ‘केमो’ आणि तिसऱ्यात ‘रेडिएशन’ असे लिहून झाल्यावर त्यांनी पेन तसेच हातात धरून ठेवले. “स्तन पुन्हा तयार करून घ्यायचा असेल, तर तो चौथा चौकोन यांच्यात कुठे बसवायचा ते आधी ठरवू,” त्या म्हणाल्या. “करायचं की नाही, हे त्या मानाने सोपं आहे. कधी करायचं, ते अवघड आहे.” जिला कर्करोग झाल्याचे कळून आठ दिवससुद्धा झाले नाहीत तिच्याशी कोणी वेळापत्रकाच्या भाषेत बोलते का, असे मनात येऊन मला तेव्हा रागच आला होता. आज सव्वा वर्षाने ते पाकीट माझ्या फायलीत सर्वांत वर ठेवलेले आहे.

मी तेव्हा ४६ वर्षांची होते. डाव्या स्तनातली गाठ पाच सेंटिमीटरहून मोठी होती आणि काखेतल्या गाठी, म्हणजे लसिकाग्रंथी, हाताला लागत होत्या. स्तन काढावा लागणार, हे ठरल्यासारखेच होते. माझा आग्रह एवढाच होता, की जे काही नवे बसवायचे ते त्याच भुलीत बसवावे. शुद्धीवर आल्यावर मला सपाट छाती पाहायची नव्हती. फोनवर चार रात्री जागून मी जे वाचले होते त्यात असे एकाच वेळी करून घेतलेल्या स्त्रियांची छायाचित्रे होती, आणि ती पाहून मला वाटे की पैसे आणि हिंमत असली म्हणजे झाले. प्रश्न पैशांचा किंवा हिमतीचा नसून किरणांचा आहे, हे त्या छायाचित्रांखाली कुणी लिहिलेले नव्हते.

गाठ पाच सेंटिमीटरहून मोठी असली किंवा काखेतल्या चार अथवा अधिक गाठींमध्ये रोग पोहोचलेला असला, तर स्तन काढल्यानंतरही छातीच्या भिंतीला किरणोपचार देण्याचा सल्ला सहसा दिला जातो. एक ते तीन गाठी असतील तर डॉक्टर बाकीच्या गोष्टी तोलून ठरवतात. पण काखेतल्या किती गाठींत रोग आहे याचा पक्का आकडा शस्त्रक्रियेनंतर, पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आल्यावरच कळतो. मी बँकेच्या कर्ज विभागात काम करते. कागद हातात आल्याशिवाय मंजुरीची सही करायची नाही, हे माझ्या हाडीमांसी भिनलेले आहे. इथे मात्र आधी सही आणि मग कागद, असा उलटा व्यवहार होता. माझ्या बाबतीत किरणोपचार जवळजवळ अटळ दिसत होते, म्हणून निदान अंदाज तरी बांधता येत होता. ज्यांची गाठ लहान असते आणि काखेत काही लागत नाही, त्यांच्या डॉक्टरांना या अनिश्चिततेतच आडाखे बांधावे लागतात.

“पण किरणांनी बिघडतं काय?” असे मी विचारले, तेव्हा डॉक्टरांनी जे सांगितले ते मला एका क्षणात समजले, आणि त्याचे श्रेय माझ्या आईला आहे.

आईने नारायण पेठेतल्या दोन खोल्यांत चाळीस वर्षे ब्लाउज शिवले. आमच्या मोरीत कायम एक बादली असे आणि तिच्यात अस्तराचे पांढरे कापड रात्रभर भिजत पडलेले असे. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, लग्न परवावर आलेले असो, अस्तर भिजवून, वाळवून, इस्त्री करून घेतल्याखेरीज आई कात्री लावत नसे. सुती अस्तर पाण्यात आटते. ते न भिजवता शिवले, तर दुकानातून नेताना ब्लाउज अगदी अंगासरशी बसतो. पण पहिल्या धुण्यात अस्तर आटते, वरचे रेशमी कापड आटत नाही, आणि मग सगळीकडे चुण्या पडतात, काखेत ओढ बसते, हुक लागत नाहीत. “बेतायची घाई केली की उसवायची वेळ येते,” असे ती म्हणायची, आणि गिऱ्हाइकाला दोन दिवसांनी यायला सांगायची.

किरणोपचारात शरीराचे कापड आटते. किरण विभाजन होणाऱ्या पेशींच्या डीएनएवर घाव घालतात; कर्करोगाच्या पेशी तो घाव दुरुस्त करण्यात कच्च्या असतात म्हणून त्या मरतात, आणि उपचार लागू पडतो तो त्यामुळेच. पण त्या वाटेवर असलेली चांगली त्वचा, तिच्याखालची चरबी, तिला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या यांनाही झळ लागते. वरची काळवंडलेली, सोललेली कातडी काही आठवड्यांत भरून येते आणि माणसाला वाटते की संपले. आतले काम मात्र त्यानंतर सावकाश सुरू होते. बारीक रक्तवाहिन्या अरुंद होतात, मऊ ऊतकांच्या जागी ताठ, तंतुमय ऊतक तयार होते, आणि हा बदल पुढे महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे चालू राहतो. अशा जमिनीत आधी काही रोवून ठेवले, तर त्याचे पुढे काय होईल हे नेमके सांगता येत नाही.

सिलिकॉनचे रोपण, म्हणजे इम्प्लांट, हे त्या न आटणाऱ्या रेशमी कापडासारखे आहे. १९६२ साली अमेरिकेत ह्यूस्टनमध्ये ते पहिल्यांदा एका स्त्रीच्या शरीरात बसवले गेले. शरीर कुठल्याही परक्या वस्तूभोवती व्रणाच्या ऊतकाचे एक वेष्टन तयार करते. सिलिकॉनभोवतीही करते, आणि एरवी त्याचा त्रास होतोच असे नाही. पण किरण पडले की ते वेष्टन जाड होऊन आवळण्याची शक्यता बरीच वाढते. मग स्तन कडक होतो, वर ओढला जातो, दुखतो. डॉक्टर त्याच्या चार पायऱ्या मोजतात, आणि चौथ्या पायरीवर ते काढून टाकावे लागू शकते. काही ठिकाणी आधी एक तात्पुरती पिशवी बसवून तिच्यात सुईने थोडे थोडे सलाइन भरत त्वचा ताणून घेतात आणि नंतर तिच्या जागी कायमचे रोपण बसवतात. मग किरण त्या पिशवीवर द्यायचे की कायमच्या रोपणावर? पिशवीवर दिले तर सगळेच फसण्याचा धोका अधिक, रोपणावर दिले तर आवळण्याचा धोका अधिक. इकडे आड आणि तिकडे विहीर असे म्हणतात ते याला.

दुसरा मार्ग स्वतःच्याच ऊतकांचा. ओटीपोटाची चरबी आणि कातडी तिच्या बारीक रक्तवाहिन्यांसकट उचलायची, पोटाचा स्नायू शक्यतो जागेवर ठेवायचा, आणि त्या वाहिन्या छातीतल्या वाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली टाके घालून जोडायच्या. सात-आठ तास सहज लागतात. हे ऊतक जिवंत असते, त्यामुळे किरणांनी आटलेल्या जागेत बाहेरून ताजा रक्तपुरवठा घेऊन येते, आणि म्हणूनच किरणोपचारानंतरच्या पुनर्रचनेसाठी त्याला पसंती दिली जाते. तेच आधी केले आणि त्यावर किरण दिले, तर ते आक्रसू शकते, चरबीचे काही भाग मरून टणक गाठी होऊ शकतात.

मी दुसरे मत घ्यायला गेले. ते डॉक्टर म्हणाले, “आम्ही आधीही करतो. नंतर थोडं आक्रसतं, पण बऱ्याच पेशंटना ते मान्य असतं.” तेही खोटे नव्हते. ब्रिटनमध्ये तर केमो, मग किरण, आणि त्यानंतर काही आठवड्यांत स्तन काढून त्याच वेळी पोटाच्या ऊतकांनी पुनर्रचना, असा क्रमच फिरवून पाहिला आहे. ३३ स्त्रियांवरच्या त्या लहान अभ्यासाचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले आणि ते आशा वाटावी असे आहेत. म्हणजे या प्रश्नाला एकच एक बरोबर उत्तर नाही, आणि जे कोणी तसे असल्याचे ठासून सांगते त्याच्यापासून मी तरी चार हात दूर राहीन. मला कौल बदलवणारी गोष्ट वेगळीच होती. माझ्या डॉक्टर म्हणाल्या, “दोन्ही एकदम केलं आणि जखम नीट भरली नाही, तर केमो लांबेल, त्याच्यामागे रेडिएशन लांबेल. तुमच्या आजारात मला तो धोका नको आहे.” शिवाय छातीवर उंचवटा आला की किरणांची आखणी किचकट होते, विशेषतः छातीच्या मधल्या हाडाच्या मागच्या गाठींनाही किरण द्यायचे असतील तर. त्यांनी चौथा चौकोन सर्वांत शेवटी काढला. त्याच्या आणि तिसऱ्या चौकोनाच्या मध्ये एक लांब रेघ ओढली आणि तिच्यावर लिहिले : ‘६ ते १२ महिने’.

थांबण्याचीही किंमत असते आणि तिच्याविषयी फार कमी बोलले जाते. एकाच वेळी पुनर्रचना करताना स्तनावरची बरीचशी मूळ त्वचा राखता येते. आतले काढायचे आणि तीच पिशवी पुन्हा भरायची. नंतर करायचे ठरले की त्या त्वचेचा बराच भाग जातो, आणि मग पोटावरच्या कातडीचा मोठा तुकडा छातीवर उघडा दिसतो, रंगाने थोडा वेगळा, कडेने शिवण असलेला. आईच्या भाषेत ते ठिगळ. शुद्धीवर आल्यावर सपाट छाती पाहायची नाही हा माझा हट्टही सोडावा लागला. प्रत्यक्षात तिसऱ्या दिवशी ड्रेसिंग बदलताना मी ती पाहिली. रडू आले नाही. जखम फारच व्यवस्थित होती. एक तिरकी रेघ, तिच्यावर सारख्या अंतराने टाके; आईने पाहिले असते तर हात चांगला आहे म्हणाली असती, असे काहीतरी भलतेच मनात आले.

रिपोर्टमध्ये काखेतल्या १७ पैकी ५ गाठींत रोग निघाला. केमो ऑगस्टमध्ये सुरू होऊन जानेवारीत संपली. तिच्याविषयी इथे लिहीत नाही.

फेब्रुवारीत किरण. एकूण ४० ग्रे (ग्रे हे किरणांची मात्रा मोजण्याचे एकक), १५ दिवसांत, म्हणजे रोज सुमारे २.६७. पूर्वी ५० ग्रे पाच आठवड्यांत विभागून २५ वेळा देत, ते आता पुष्कळ ठिकाणी तीन आठवड्यांवर आले आहे. पहिल्या दिवशी छातीवर शाईचे तिळाएवढे ठिपके टोचले, म्हणजे रोज यंत्र त्याच जागी लागावे. माझ्या आजीच्या कपाळावर आणि हातावर गोंदण होते. नात म्हणून माझ्या वाट्याला तीन ठिपके आले. डाव्या बाजूला किरण द्यायचे तर हृदय वाटेत येते, म्हणून खोल श्वास घेऊन तो रोखून धरायचा. फुप्फुस फुगले की हृदय छातीच्या भिंतीपासून दूर सरकते. भिंतीतल्या स्पीकरमधून तंत्रज्ञाचा आवाज यायचा, “ताई, श्वास घ्या... धरा...” आणि मी मनात पुण्याच्या पेठा म्हणायला लागायची. वारांच्या सात पेठा सावकाश संपवून कसबा, सदाशिव, नारायण, भवानी, नाना, रास्ता असे करत गंज पेठेपर्यंत पोहोचले की “सोडा” असे ऐकू यायचे. घोरपडे पेठ माझ्या वाट्याला क्वचितच आली.

शेवटच्या आठवड्यात कातडी तांबूस-काळी पडली, काखेच्या घडीत सोलली. मार्चमध्ये ती भरली आणि एप्रिलमध्ये मला लक्षात आले की डावा हात वर नेताना छातीत आतून दोरी ओढल्यासारखी होते. भिंतीवर बोटे चढवण्याचा व्यायाम मी रोज करत होते, कॅलेंडरच्या खिळ्यापर्यंत पोहोचतही होते, आणि तरी दोरी घट्टच होत होती. हेच ते आटणे. हे माझ्या बरगड्यांवर होत होते, एखाद्या नव्या, महागड्या, सात तास खपून केलेल्या स्तनावर होत नव्हते, याचे बरे वाटण्याइतपत मी तोवर शहाणी झाले होते.

मधल्या काळात काय घालायचे, हा प्रश्न आईने सोडवला. सिलिकॉनचे तयार पॅड मिळतात, चांगले मिळतात, पण उन्हाळ्यात मला ते सोसवेना. आईने जुन्या मऊ धोतराची एक गोल पिशवी शिवली आणि तिच्यात मोहरी भरली, बाळाच्या डोक्याखाली ठेवायची मोहरीची उशी शिवतात तशीच. माझ्या मुलीसाठी तिने सतरा वर्षांपूर्वी अशीच उशी शिवली होती. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून थोडी मोहरी काढत, थोडी घालत तिने ती ३२० ग्रॅमवर आणली, आणि मी आरशासमोर उभी राहिले तेव्हा दोन्ही खांदे एका रेषेत आले. चालताना अगदी कान देऊन ऐकले तर बारीक सळसळ यायची.

तपासणीला जाताना मी बऱ्याचदा संगम पुलावरून जाते, आणि तिथे मला हमखास कावसजी आठवतो. प्लास्टिक सर्जन बाईंनी त्याची गोष्ट सांगेपर्यंत मला, जन्मभर पुण्यात राहून, त्याचा पत्ता नव्हता. तो इंग्रजांच्या फौजेतला मराठा गाडीवान. १७९२ च्या युद्धात तो टिपू सुलतानाच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. पुण्याजवळ विटा करणाऱ्यांच्या जातीतल्या एका माणसाने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवे नाक करून दिले. थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या इंग्रज वैद्यांनी ही शस्त्रक्रिया पाहिली होती. तिचे वर्णन लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये छापून आले, आणि पुढे १८१४ मध्ये जोसेफ कार्प्यू यांनी इंग्लंडमध्ये तसेच ऑपरेशन केले. पेशव्यांच्या दरबारातल्या इंग्रज वकिलाची रेसिडेन्सी तेव्हा याच संगमावर होती. कावसजीचे नाव टिकले, डॉक्टरांची टिकली. ज्याच्या हातांनी ते नाक केले त्याचे नाव मात्र त्या वर्णनात कुठेही नाही, हे मला खटकते.

मला त्या वर्णनातल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक म्हणजे कपाळावरून वळवलेल्या कातडीचा भुवयांमधला चिंचोळा दुवा सुमारे पंचविसाव्या दिवसापर्यंत कापत नसत. नव्या जागी ती रुजेपर्यंत जुन्या जागेचे रक्त तिला मिळत राहिले पाहिजे, हे त्या विटा करणाऱ्याला नीट ठाऊक होते. माझ्या पोटावरची कातडी एका दिवसात छातीवर जाणार, कारण आता वाहिन्या जोडता येतात, पण नियम तोच आहे. दुसरी गोष्ट अशी की कावसजी नाकावाचून बारा महिन्यांहून अधिक काळ राहिला होता. त्याचे थांबणे वैद्यकीय नव्हते, नाइलाजाचे होते. तरी पुलावर गाड्या तुंबल्या की मी त्याच्या त्या वर्षाचा विचार करते. आरसा टाळत असेल का? बायका-मुले काय म्हणत असतील?

माझ्या बाबतीत लोक काय म्हणाले ते मला माहीत आहे. “जीव वाचला ना, मग आता या वयात कशाला?” हे एका आतेबहिणीने विचारले, प्रेमानेच विचारले. दात पडला तर ती कवळी बसवते, त्यावर मी तिला काही विचारत नाही. विम्याच्या खिडकीवरच्या मुलाने तोच प्रश्न अधिकृत शब्दांत विचारला. “मॅडम, हे कॉस्मेटिकमध्ये जातं. शिवाय मेन ऑपरेशन मागच्या वर्षीच झालंय ना?” मी पॉलिसी उघडली. विमा नियामकाने ठरवून दिलेल्या शब्दरचनेत सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रिया वगळल्या आहेत, हे खरे. पण अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना त्याच वाक्यात अपवाद म्हणून लिहिलेली आहे. ती ओळ मी त्याला पेन्सिलने अधोरेखित करून दाखवली, आणि किरणोपचारांमुळे ही शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागली असे डॉक्टरांचे पत्र जोडले. कंपनीने तीन आठवडे घेतले. ज्यांना पुनर्रचना पुढे ढकलायची आहे त्यांनी असे पत्र पहिल्याच ऑपरेशनच्या वेळी घेऊन ठेवावे. मी ठेवले नव्हते.

ऑगस्टमध्ये, किरणांना सहा महिने झाल्यावर, सर्जन बाईंनी व्रणाच्या खालची कातडी अंगठा आणि तर्जनीत धरून पाहिली. ती चिमटीत आलीच नाही, बरगडीला चिकटल्यासारखी तिथेच राहिली. “अजून थांबू,” त्या म्हणाल्या. सप्टेंबरअखेर पुन्हा बोलावले. या वेळी थोडी उचलली गेली. फार नाही, एखाद्या चपातीचा पदर सुटावा एवढीच. त्यांनी ती दोनदा उचलून पाहिली आणि मग पोटाच्या वाहिन्यांचा नकाशा मिळावा म्हणून सीटी अँजिओग्राफी लिहून दिली. कर्करोग परतू नये म्हणून मी घेत असलेल्या टॅमॉक्सिफेनमुळे रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका थोडा वाढतो, म्हणून ती गोळी ऑपरेशनपूर्वी काही आठवडे बंद करायची आहे, तीही कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारूनच. तारीख दिवाळीनंतरची, तुळशीच्या लग्नाच्या पुढच्या आठवड्यातली मिळाली आहे.

नवरात्रात आई राहायला आली. तिची दृष्टी आता सुईत दोरा ओवण्याइतकी राहिलेली नाही, पण दिवाळीचा ब्लाउज तिला बाहेर द्यायचा नव्हता. मोरीत बादली, बादलीत अस्तर. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने टेप काढली आणि मला दारातल्या उजेडात उभे केले. मोहरीची उशी काढून ठेवायला सांगून तिने आधी तशीच मापे घेतली, मग उशी ठेवून घेतली, आणि दोन्ही आकडे वर्तमानपत्राच्या कडेला लिहिले. बराच वेळ त्या दोन आकड्यांकडे पाहत बसली.

“ऑपरेशननंतर किती फरक पडेल गं?” तिने विचारले.

“आत्ता कुणालाच सांगता येत नाही. सूज उतरायलाच काही महिने लागतात म्हणे.”

तिने कापड जमिनीवर पसरले, हाताने सपाट केले. उजवी बाजू नेहमीसारखी आखली. डाव्या बाजूला आली तेव्हा खडू थांबला, मग बाहेरच्या अंगाला सरकला. “इथे दोन बोटे माया जास्त सोडते,” ती म्हणाली. “लागली तर उसवून घेऊ.” आणि शिवताना विसरायला नको म्हणून तिने तिथे खडूने एक लहानशी फुली केली.